गोकुराकुजी स्थानक (एनोडेन मार्ग, कामाकुरा): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे स्थानक नेमकं कुठे आहे?

जपानच्या कानागावा प्रांतात, कामाकुरा शहराच्या पश्चिमेला, टेकड्यांच्या खाचेत. एनोशिमा इलेक्ट्रिक रेल्वे, म्हणजे सगळे जिला ‘एनोडेन’ म्हणतात ती छोटी रेल्वे, फुजिसावा ते कामाकुरा अशी १० किलोमीटर धावते. तिच्यावर १५ स्थानकं आहेत. गोकुराकुजी हे फुजिसावाकडून अकरावं, कामाकुराहून निघालं की चौथं: वादाझुका, युइगाहामा, हासे आणि मग गोकुराकुजी. कामाकुरापासून रुळाने अंतर जेमतेम २.४ किलोमीटर.

मार्गाचा पहिला तुकडा १ सप्टेंबर १९०२ रोजी सुरू झाला, हे स्थानक १९०४ मध्ये आलं आणि १९१० मध्ये गाडी कामाकुरापर्यंत पोचली. पर्यटक भरपूर येतात, पण मुळात हे आसपासच्या वस्तीचं, रोज कामाला आणि शाळेला जाणाऱ्यांचं स्थानक आहे. खालची बरीचशी उत्तरं त्यामुळेच तशी आहेत.

फलाट किती आहेत? माझी गाडी कोणत्या फलाटावर येते?

फलाट एकच आणि रूळही एकच. दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच फलाटाला, त्याच बाजूला लागतात. इथे होणारी सर्वात नेहमीची चूक यातूनच होते: समोर गाडी आली, दार उघडलं, माणूस चढला आणि उलट्या दिशेला निघाला. मोठ्या स्थानकावर फलाट क्रमांक पाहून चढायची सवय असते. इथे ती सवय कामाची नाही.

ओळखायचं असं:

- फलाटाच्या एका टोकाला बोगदा दिसतो. गाडीचं तोंड बोगद्याकडे असेल तर ती हासे आणि कामाकुराला जाणार. बोगद्याकडे पाठ असेल तर इनामुरागासाकी, एनोशिमा, फुजिसावा.
- स्थानकांना क्रमांक आहेत. फुजिसावा ‘ईएन ०१’, गोकुराकुजी ‘ईएन ११’, कामाकुरा ‘ईएन १५’. फलकावर पुढचं स्थानक १२ दिसलं तर तुम्ही कामाकुराकडे निघालात, १० दिसलं तर फुजिसावाकडे.
- गाडीच्या कपाळावर शेवटच्या स्थानकाचं नाव रोमन लिपीतही असतं.

चुकून उलट्या गाडीत बसलो तर?

पुढच्या स्थानकावर उतरा आणि परत या. हासे आणि इनामुरागासाकी या दोन्ही शेजारच्या स्थानकांवर गाड्यांचं क्रॉसिंग होतं, त्यामुळे परतीची गाडी मिळायला फार वेळ लागत नाही. महत्त्वाचं एकच: तिकीट तपासणीच्या फाटकाबाहेर पडू नका आणि कार्ड टेकवू नका. कार्डाला फक्त तुम्ही कुठे आत आलात आणि कुठे बाहेर पडलात एवढंच कळतं. मध्ये बाहेर पडलात तर तो वेगळा प्रवास होतो आणि वेगळं भाडं कापलं जातं. कागदी तिकीट असेल तर कर्मचाऱ्याला सांगा. चुकून पुढे गेलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जपानी रेल्वेत रूढ पद्धत आहे, कुणी दंडाची पावती फाडत नाही.

दर १४ मिनिटांनीच गाडी का? गर्दी एवढी, मग जास्त गाड्या का सोडत नाहीत?

कारण मार्ग एकेरी आहे, आणि गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला पाचच जागा आहेत: कुगेनुमा, एनोशिमा, मिनेगाहारा (हे स्थानक नाही, शिचिरिगाहामा आणि कामाकुराकोकोमाए यांच्या मधलं सिग्नल ठाणं आहे), इनामुरागासाकी आणि हासे. कोकण रेल्वेने गेलेल्या माणसाला क्रॉसिंगसाठी थांबणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. इथला हिशोब फक्त अधिक काटेकोर आहे. १४ मिनिटांनी गाडी सोडायची तर प्रत्येक गाडीला दर ७ मिनिटांनी समोरची गाडी भेटली पाहिजे, आणि तीही या पाचांपैकीच एका ठिकाणी किंवा टोकाच्या स्थानकात. या ठरलेल्या जागांमध्ये जास्तीची गाडी घुसवायला फटच उरत नाही.

आधी हे अंतर १२ मिनिटांचं होतं आणि तेच कित्येक दशकं चाललं. पर्यटक वाढले, चढ-उतरायला वेळ लागू लागला, आणि १२ मिनिटांचं गणित रोज मोडू लागलं. मार्च २०२३ मध्ये कंपनीने ते १४ वर नेलं. गाड्या कमी झाल्या म्हणून नाराजी झाली. तरी वेळेवर येणारी १४ मिनिटांची गाडी उशिरा येणाऱ्या १२ मिनिटांच्या गाडीपेक्षा बरी, असंच म्हणावं लागेल. रोज कामाकुरात मुख्य मार्गाची गाडी पकडायची असते त्याला तर नक्कीच.

जागा वाढवून का देत नाहीत, हेही नेहमी विचारलं जातं. गोकुराकुजीत रुळाच्या एका अंगाला डोंगर आहे आणि दुसऱ्या अंगाला घरं. दुसरा रूळ टाकायला जागाच नाही.

मग एक गाडी उशिरा आली की सगळ्याच उशिरा का होतात?

तेच कारण. हासेला एखादी गाडी दोन मिनिटं अडकली की समोरून येणारी गाडी क्रॉसिंगवर तिची वाट पाहत उभी राहते. मग तिच्यापुढची तिसरी. शनिवारी-रविवारी दुपारी उशीर होतो तो बहुधा बिघाडामुळे नव्हे, तर दारात उभी राहणारी माणसं आणि शेवटच्या क्षणी धावत येणारी माणसं यांच्यामुळे. कामाकुराहून पुढे विमान किंवा शिनकानसेन पकडायची असेल तर सुट्टीच्या दिवशी निदान दोन गाड्या आधीची धरा.

टोकियोहून कसं यायचं?

टोकियो स्थानकातून योकोसुका मार्गाची गाडी थेट कामाकुराला येते, साधारण तासाभरात. योकोसुका मार्गाचे फलाट जमिनीखाली खूप खोल आहेत, इतर फलाटांवरून तिथे पोचायला दहा मिनिटं हातात ठेवा. शिंजुकू-शिबुयाकडून येणाऱ्यांना शोनान-शिंजुकू मार्ग सोयीचा. पण त्यातली झुशीला जाणारी गाडीच घ्या. दुसऱ्या फाट्याच्या गाड्या ओफुनाहून सरळ फुजिसावाकडे जातात आणि कामाकुराला येतच नाहीत.

निशी-कासाई भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत, म्हणून त्यांच्यासाठी: तोझाई मेट्रोने ओतेमाची, तिथून आतल्या आत चालत टोकियो स्थानक, मग योकोसुका मार्ग. मेट्रो आणि जेआर (जपानची मुख्य रेल्वे, योकोसुका मार्ग तिचाच) या वेगळ्या कंपन्या आहेत, पण एकच आयसी कार्ड (आधी पैसे भरून यंत्रावर टेकवायचं कार्ड) दोन्हीकडे आणि पुढे एनोडेनवरही चालतं.

कामाकुरात एनोडेनचे फलाट जेआरच्या पश्चिम अंगाला आहेत. फुजिसावाकडून येत असाल तर जेआरमधून बाहेर पडून समोरच्या व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जावं लागतं. एनोडेनचं स्थानक त्या इमारतीतच आहे, रस्त्यावर शोधत बसू नका.

तिकीट, आयसी कार्ड की बँकेचं कार्ड? काय घ्यावं?

तिन्ही चालतात. रोजच्यासाठी आयसी कार्ड (सुइका किंवा पास्मो) सर्वात सुटसुटीत. बँकेचं संपर्करहित कार्ड टेकवून जाण्याची सोय एनोडेनच्या सगळ्या १५ स्थानकांवर एप्रिल २०२३ पासून आहे. त्याचं यंत्र आयसी कार्डाच्या यंत्रापासून वेगळं असतं. चुकीच्या यंत्रावर कार्ड टेकवून ‘चालत नाही’ म्हणणारे खूप असतात.

भारतातून आलेल्यांना इथे नडणाऱ्या गोष्टी:

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशातले आणि संपर्करहित व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दोन्ही वेगवेगळे चालू करावे लागतात. एक चालू केलं आणि दुसरं राहिलं, असं फार होतं. हे काम घरून निघण्याआधीच करा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार असेल तर फाटकासमोर उभं राहून ते जमत नाही.

एका कार्डावर एकच माणूस. नवऱ्याने कार्ड टेकवलं आणि तेच पुन्हा बायकोसाठी टेकवलं, असं करता येत नाही. शिवाय बँकेच्या कार्डावर मुलांचं अर्धं भाडं लागत नाही, सरसकट मोठ्यांचंच कापलं जातं. मुलं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी कागदी तिकीट किंवा मुलांचं आयसी कार्ड घ्या.

मोबाईलमधलं सुइका आयफोनवर चालतं. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर चालत नाही, कारण जपानी कार्डांना लागणारी फेलिका सोय त्या फोनमध्ये नसते. फोन कितीही महाग असला तरी उपयोग नाही. साधं प्लॅस्टिकचं कार्ड घ्या. त्यासाठी ५०० येन अनामत असते, कार्ड परत केलं की मिळते. पर्यटकांचं ‘वेलकम सुइका’ कार्ड अनामतीशिवाय मिळतं, पण २८ दिवसांत संपतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत.

आयसी कार्डावर पैसे किती ठेवावेत?

कार्डात जास्तीत जास्त २०,००० येन राहतात. एनोडेनचं टोकापासून टोकापर्यंतचं भाडं साधारण ३०० येनच्या घरात आहे, त्यामुळे १,००० येन शिल्लक असले तरी दिवस निघतो. पैसे कामाकुरा किंवा फुजिसावातच भरून घ्या. यंत्रांना बहुतेक वेळा रोखच लागते. छोट्या स्थानकावर उतरताना पैसे कमी पडले तर मोठ्या स्थानकासारखी फरक भरण्याची यंत्रांची रांग नसते. कर्मचारी किंवा बोलायचा फोन शोधावा लागतो.

कार्ड टेकवलं तरी लाल दिवा लागतो. काय बिघडलं?

शक्यता या क्रमाने तपासा:

१. आदल्या प्रवासात बाहेर पडताना टेकवायचं राहिलं. हेच सर्वाधिक होतं. छोट्या स्थानकांवर झडपांचं फाटक नसून नुसता खांब असतो, अडवणारं कुणी नसतं, माणूस गप्पा मारत सरळ बाहेर जातो. मग कार्डाच्या लेखी तुम्ही अजून गाडीतच असता. कर्मचाऱ्याला कुठून कुठे गेलात ते सांगा, तो भाडं कापून नोंद बंद करून देतो. हे आपलं आपण करता येत नाही.

२. प्रवेशाच्या खांबाऐवजी बाहेर पडण्याच्या खांबावर टेकवलं. दोन्ही शेजारी शेजारी असतात.

३. पाकिटात दोन आयसी कार्डं आहेत. यंत्राला कोणतं वाचावं ते कळत नाही. एक बाहेर काढून टेकवा.

४. फार झटकन हात काढला. कार्ड सपाट धरा आणि क्षणभर टेकलेलं राहू द्या.

५. शिल्लक किमान भाड्यापेक्षाही कमी आहे.

आणखी एक, जरा लांबच्या प्रवासाचं. टोकियो भागात आत टेकवून थेट नागोया किंवा ओसाकाच्या स्थानकावर बाहेर टेकवता येत नाही. कार्ड तिकडेही चालतं, पण क्षेत्राची हद्द एकाच प्रवासात ओलांडता येत नाही. आतामीच्या पुढे जायचं असेल तर कागदी तिकीट काढा.

मुलांचं भाडं कसं लागतं?

प्राथमिक शाळेतल्या मुलांना, म्हणजे साधारण ६ ते ११ वर्षं, अर्धं भाडं. १० येनखालचा तुकडा वर ओढला जातो. त्याहून लहान दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट, तिसऱ्याला अर्धं. मुलांच्या आयसी कार्डासाठी कर्मचारी असलेल्या खिडकीवर वयाचा पुरावा दाखवावा लागतो, पासपोर्ट चालतो. बाबागाडी न मिटता नेता येते. पण रविवारी दुपारी चार डब्यांच्या गाडीत ती कुठे ठेवणार हा प्रश्न उरतोच.

रोज टोकियोला जायचं आहे. पास कसा काढायचा?

पास १, ३ किंवा ६ महिन्यांचा निघतो. ३ महिन्यांच्या पासाला सहसा ५ टक्के, ६ महिन्यांच्याला १० टक्के सूट असते. गोकुराकुजी ते कामाकुरा एनोडेनचा आणि तिथून पुढे जेआरचा, असे दोन कंपन्यांचे टप्पे एकाच कार्डावर बसतात. अर्ज भरताना मार्ग ‘कामाकुरामार्गे’ की ‘फुजिसावामार्गे’ ते नीट लिहा. पास त्याच वाटेला लागू असतो, दुसऱ्या वाटेने गेलात तर पैसे वेगळे कापले जातात.

पासाचा खर्च बहुतेक कंपन्या देतात. महिना १,५०,००० येनपर्यंतच्या प्रवासभत्त्यावर प्राप्तिकर लागत नाही. म्हणून नोकरीचा करार करताना हा भत्ता पगारात धरलाय की वेगळा आहे, ते विचारून घ्या. नोकरी सोडली किंवा घर बदललं तर पास परत करता येतो. पण परतावा पूर्ण महिन्यांच्या हिशोबाने मिळतो, त्यामुळे नवा महिना सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत जा. एक दिवस पुढे गेलात तर अख्खा महिना गेला.

गाडी एवढी छोटी आणि डबे असे जोडलेले का?

मार्गावर २८ मीटर त्रिज्येपर्यंतची तीव्र वळणं आहेत. लांब डबा तिथे वळणारच नाही. म्हणून डबे आखूड, साधारण १२ मीटरचे, आणि दोन डब्यांच्या सांध्याखाली एकच चाकगाडा. त्यामुळे दोन डबे मधोमध बिजागरीसारखे वळतात. अशा दोन जोड्या मिळून चार डब्यांची गाडी होते. रुळांची रुंदी १,०६७ मिलिमीटर, वीज ६०० व्होल्ट डीसी.

जुन्यातली जुनी धावती जोडी ‘३०५’, १९६० ची. आत लाकडी फळ्यांची जमीन आहे. ती कोणत्या दिवशी धावेल याचा नेम नसतो. पण गोकुराकुजीला लागूनच, इनामुरागासाकीच्या बाजूला कारशेड आहे, आणि धावत नसेल तेव्हा तिथे उभी असलेली रस्त्यावरून दिसू शकते. शेडच्या आत जायला परवानगी नाही.

कोशिगोए स्थानकात दार उघडलंच नाही, असं का?

तिथला फलाट तीन डब्यांपुरताच आहे, दोन्ही टोकांना रस्ता असल्याने वाढवता येत नाही. चार डब्यांच्या गाडीत कामाकुराकडच्या टोकाच्या डब्याची दारं तिथे उघडत नाहीत. कोशिगोएला उतरायचं असेल तर गोकुराकुजीत चढतानाच फुजिसावाच्या बाजूच्या डब्यांत चढा, कारण ऐन गर्दीत आतून सरकणं जमत नाही. गाडीत घोषणा होते, इंग्रजीतही.

कोशिगोए सोडल्यावर गाडी एनोशिमापर्यंत भर रस्त्यातून, मोटारींच्या मधून जाते. पायी असाल तर गाडी येताना दुकानाच्या बाजूला सरकून उभे राहा. गाडी हळू असते, पण रुळावरून बाजूला होणं तिच्या हातात नाही.

समुद्र कुठून दिसतो?

गोकुराकुजीतून नाही. फुजिसावाकडे जाताना इनामुरागासाकी सोडलं की डाव्या हाताला समुद्र उघडतो, तो कोशिगोएच्या आधीपर्यंत. म्हणून जाताना डावीकडे, येताना उजवीकडे.

कामाकुराकोकोमाएच्या शेजारचं रेल्वे फाटक एका बास्केटबॉलच्या अ‍ॅनिमे मालिकेमुळे जगभर माहीत झालं आणि तिथे रोज झुंबड असते. फोटोसाठी रस्त्यात उतरू नका. समोरचा १३४ क्रमांकाचा राष्ट्रीय मार्ग वाहता आहे, आणि मागच्या गल्लीत लोकांची राहती घरं आहेत. खरं तर तसंच दृश्य त्या फाटकाच्या पुढे-मागे बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि तिथे रांग नसते.

बोगदा पाहता येतो का?

हो, बाहेरून. स्थानकातून बाहेर पडून दोन मिनिटांवर साकुराबाशी हा लाल कठड्याचा पूल आहे. त्यावरून खाली बोगद्याचं तोंड समोर दिसतं. विटांचा हा बोगदा १९०७ मध्ये बांधला, लांबी सुमारे २०० मीटर, आणि सबंध एनोडेनवर बोगदा हा एवढा एकच. पूल हा रहदारीचा रस्ता आहे, तिवई लावून अडवू नका.

गर्दी कधी असते आणि ती कशी टाळायची?

जूनमध्ये, हायड्रेंजियाचा बहर असतो तेव्हा सर्वात जास्त. त्याखालोखाल एप्रिलअखेर ते ५ मेपर्यंतचा गोल्डन वीक. या सुट्ट्यांत कामाकुरा स्थानकाबाहेर एनोडेनसाठी रांग लागते. मार्गालगतच्या रहिवाशांना नगरपालिकेकडून दाखला मिळतो आणि तो दाखवून रांगेशिवाय आत जाता येतं, असा प्रयोग तिथे होत आलाय. तुम्ही तिथे राहत असाल तर हा दाखला आधीच काढून ठेवा, रांगेत उभं राहून मिळत नाही.

पर्यटकांसाठी साधा उपाय: सकाळी नऊच्या आत या. किंवा हासेला उतरून गोकुराकुजीपर्यंत चालत या. रुळाने अंतर ७०० मीटर आहे. पायी गोकुराकुजीझाका ही चढण चढून पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाटेत जोजुइन मंदिराच्या १०८ पायऱ्या आहेत, वरून युइगाहामाचा किनारा दिसतो. ही वाट म्हणजे डोंगर कापून काढलेल्या कामाकुराच्या सात जुन्या खिंडींपैकी एक. १३३३ मध्ये कामाकुरावर चालून आलेल्या निट्टा योशिसादा या सेनापतीच्या सैन्याला इथे खिंड फोडता आली नाही, म्हणून त्याने इनामुरागासाकीच्या किनाऱ्यावरून शिरून शहर घेतलं. आज त्याच अरुंद खिंडीत बस आणि मोटारी समोरासमोर येतात, पदपथ सोडू नका.

स्थानकाला नाव ज्यावरून पडलं ते मंदिर जवळ आहे का?

पुलापलीकडे, दोन-तीन मिनिटांवर. १२५९ मध्ये होजो शिगेतोकी याने ते उभारलं. इथल्या निनशो या भिक्षूने रोग्यांच्या शुश्रूषेचं मोठं काम केलं, औषधं कुटायची त्या काळची दगडी भांडी आवारात आहेत. आवारात फोटो काढायला मनाई आहे.

फलाटावर पिवळ्या उंचवट्यांची पट्टी कशासाठी?

अंध प्रवाशांसाठी. या फरशा सेइइची मियाके यांनी शोधल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. जपानी फलाटांवरच्या पट्टीत ठिपक्यांच्या एका अंगाला सलग उभी रेघही आढळते. ती रेघ फलाटाच्या आतल्या बाजूला असते. काठीला आधी रेघ लागली की ठिपके, हे पायाखाली कळतं आणि रूळ कोणत्या हाताला आहे ते समजतं. अरुंद फलाटावर नेमकी याच पट्टीवर बॅगा ठेवलेल्या दिसतात. ठेवू नका.

कर्मचारी रिकाम्या फलाटाकडे बोट दाखवून मोठ्याने काय बोलतात?

‘सिग्नल हिरवा’, ‘दारं बंद’ अशा तपासण्या. डोळ्यांनी पाहायचं, बोटाने दाखवायचं, तोंडाने म्हणायचं. जपानच्या रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या १९९४ च्या प्रयोगात नुसतं पाहून काम करताना दर १०० क्रियांमागे २.३८ चुका झाल्या, बोट आणि आवाज जोडल्यावर ०.३८. तेव्हा त्यांच्या आणि फलाटाच्या कडेच्या मध्ये उभं राहून फोटो काढणं बरं नाही.

फोन रुळावर पडला तर?

खाली उतरू नका. गाडी काही मिनिटांतच असते, आणि एकच रूळ असल्याने ती कोणत्या बाजूने येईल याचाही भरवसा नाही. कर्मचाऱ्याला सांगा. त्यांच्याकडे लांब दांड्याचा चिमटा असतो, दोन गाड्यांच्या मध्ये ते वस्तू काढून देतात. माणूस पडला असेल तर मात्र विचार करत थांबू नका, आपत्कालीन बटण दाबा.

भूकंप किंवा वादळ आलं तर?

भूकंपात गाडी जिथे असेल तिथे थांबते. कर्मचारी सांगेपर्यंत उतरू नका. हा मार्ग समुद्राला लागून आहे. १९२३ च्या कांतो भूकंपात कामाकुराला त्सुनामीचाही तडाखा बसला होता. किनाऱ्याच्या स्थानकांवर असाल आणि मोठा किंवा लांबलेला धक्का बसला तर सामान सोडा आणि उंचावर जा. भारतीय सिमवर स्थानिक इशारे येतीलच असं नाही, म्हणून ‘सेफ्टी टिप्स’ हे अ‍ॅप इंग्रजीत लावून ठेवा.

मोठ्या चक्रीवादळाच्या वेळी गाड्या ‘नियोजित’ बंद ठेवतात आणि ते बहुधा आदल्या दिवशीच जाहीर होतं. घोषणा झाली असेल तर ‘पाऊस तर पडत नाहीये’ म्हणून निघू नका. परतीची गाडी मिळणार नाही.

उशिराचा दाखला मिळतो का?

जपानी रेल्वे कंपन्या असा दाखला देतात, कागदावर किंवा संकेतस्थळावर. कचेरीत आणि शाळेत तो मानला जातो. उशीर पाचेक मिनिटांहून जास्त असला पाहिजे.

खायला काही मिळतं का? कचरा कुठे टाकायचा?

फलाटावर वडापाव शोधू नका. पेयांच्या यंत्रावर निळी पट्टी म्हणजे थंड, लाल म्हणजे गरम. शाकाहारी असाल तर कामाकुरातल्या दुकानातून आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेऊन या, मात्र मसाल्यात माशाचा अर्क असू शकतो, लेबल पाहा. नुसत्या मिठाची ओनिगिरी सर्वात निर्धोक. कचरापेट्या नाहीत. यंत्राशेजारच्या डब्यात फक्त बाटल्या आणि कॅन टाकायचे, बाकीचं पिशवीत घरी न्यायचं.

वस्तू गाडीत राहिली तर?

लगेच स्थानकावर किंवा शेवटच्या स्थानकात सांगा: किती वाजताची गाडी, कोणत्या दिशेची, पुढून कितवा डबा, वस्तूचा रंग. मार्ग १० किलोमीटरचाच असल्याने गाडी टोकाला पोचली की बहुधा तासाभरात कळतं. काही दिवसांनी वस्तू पोलिसांकडे जाते आणि तिथे ३ महिने ठेवतात. घ्यायला जाताना पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड न्या. फोन हरवला असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक लिहून न्या, त्याने ओळख पटवणं सोपं जातं.